गोदीचं दार आम्हालाही उघडा : मुंबईच्या समुद्री वारशाच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
केंद्र व राज्य शासनाचे संस्कृती आणि पर्यटन विभाग, भारतीय नौदल आणि मुंबई बंदराचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या गोदीत बांधलेली एक लढाऊ नौका आजही पाण्यावर तरंगते आहे. तिचं नाव 'ट्रिंकोमाली'. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती इथल्या पाण्यात उतरली. ती पाहायची तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल या गावी जावं लागतं. तिथे कुणीही तिकीट काढून तिच्यावर चढू शकतं. ज्या गोदीत ती बांधली गेली, ती मात्र आपल्या फोर्टात, लायन गेटच्या पलीकडे आहे आणि मुंबईच्या सामान्य माणसाला ती पाहता येत नाही.

मी मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. माझे वडील गोदीत सुतार होते. बोटींची दुरुस्ती आणि जहाजांवरचं लाकूडकाम यांत त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या वर्गात ज्यांचे आजोबा गोदीत, बंदरात किंवा गिरणीत होते अशी मुलं अजून बरीच आहेत. म्हणून नववीच्या मुलांना जुनी सुकी गोदी (पाणी काढून जहाजाचा तळ उघडा करता येतो ती) बाहेरून का होईना, पण दाखवावी, असा अर्ज आमच्या शाळेने केला. ज्या कार्यालयाकडे केला त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न एका टेबलाचा नाही. लेखी उत्तर आलं नाही. फोनवर एवढंच कळलं की, "बाई, असं काही दाखवायची पद्धत नाही." मुलांना मी काय सांगायचं? त्यांच्या पाठ्यपुस्तकात आरमार आहे, त्यांच्या घरात गोदीतले फोटो आहेत, आणि मधल्या भिंतीपलीकडे जायची पद्धत नाही.

आधी जे झालं आहे त्याबद्दल मनापासून आभार मानते. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास युद्धनौका शाळांसाठी खुल्या होतात. बॅलार्ड इस्टेटमधली जुनी गेटहाऊसची इमारत नौदलाने नीट दुरुस्त करून तिथे छोटं समुद्री दालन केलं. ते काम प्रेमाने केलेलं आहे, हे पाहणाऱ्याला कळतं. आणि हेही मला पुरतं समजतं की मुंबईची नौदल गोदी ही चालू लष्करी जागा आहे. तिथे येणारंजाणारं प्रत्येक माणूस तपासलं गेलंच पाहिजे. देशाच्या सुरक्षेशी तडजोड करा, असं या पत्रात कुठेही मागितलेलं नाही.

पण मग पोर्ट्समथकडे पाहा. ते ब्रिटिश नौदलाचं आजही चालू तळबंदर आहे. त्यांच्या दोन्ही नव्या विमानवाहू नौकांचं घर तेच. त्याच बंदराच्या जुन्या भागात १७६५ साली पाण्यात उतरलेली 'व्हिक्टरी' १९२२ पासून सुक्या गोदीत उभी आहे. १५४५ मध्ये बुडालेली 'मेरी रोझ' १९८२ साली समुद्रतळावरून वर काढून तिच्यासाठी वेगळं संग्रहालय बांधलं. लोखंडी कवचाची 'वॉरियर' धक्क्याला बांधलेली आहे. एका बाजूला आजचं नौदल, दुसऱ्या बाजूला शाळेच्या सहली, मध्ये कुंपण आणि पहारा. स्वीडनमधलं कार्ल्सक्रोना हेही चालू नौदल बंदर आहे आणि १९९८ पासून जागतिक वारसास्थळही आहे. म्हणजे पहारा आणि प्रेक्षक एका आवारात नांदू शकतात. त्यासाठी कुणीतरी बसून आखणी करावी लागते, ती आपल्याकडे झालेली नाही.

आपल्या गोदीत पाहण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

१७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून आपली माणसं घेऊन मुंबईला आले. १७५० मध्ये इथे सुकी गोदी, म्हणजे बॉम्बे डॉक, बांधून झाली. आशियातली या प्रकारची ती पहिली मानतात. पुढच्या पंधरा वर्षांत तिला आणखी दोन टप्पे जोडले गेले, आणि १८१० पर्यंत शेजारी डंकन डॉक तयार झाला. या जागेची निवड उगाच झालेली नव्हती. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भरतीला जहाज आत घ्यायचं, दारं लावायची, ओहोटीबरोबर पाणी सोडून द्यायचं आणि तळ उघडा पडला की कामाला लागायचं. चंद्राच्या तिथीवर चालणारं हे यंत्र अडीचशे वर्षांहून जुनं आहे आणि त्या गोद्या अजून नौदलाच्या कामात आहेत. नववीच्या मुलाला भूगोल, विज्ञान आणि इतिहास एकदम शिकवणारी दुसरी जागा मला या शहरात माहीत नाही.

लाकूड मलबारचा साग. इंग्लंडचं ओक आंबट गुणाचं असतं, त्यातले लोखंडी खिळे गंजतात. सागातलं तेल उलट लोखंडाला सांभाळतं. म्हणून मुंबईची जहाजं टिकत. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'मिंडेन' १८१० साली उतरली. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे २९ ऑगस्ट १८४२ रोजी इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८२४ ची 'आशिया' १८२७ च्या ग्रीसजवळच्या नावारिनोच्या लढाईत सरसेनापतीची नौका होती. 'ट्रिंकोमाली'ची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेली 'जावा' ही नौका १८१२ साली अमेरिकनांनी लढाईत जिंकली आणि नष्ट केली. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. १८१६ साली कणा बसवला तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला.

ही सगळी जहाजं कंपनीसाठी आणि इंग्रजांच्या नौदलासाठी बांधलेली होती, हे मी मुलांना आवर्जून सांगते. नानकिंगचा तह म्हणजे अफूच्या युद्धाचा शेवट. मुंबईच्याच आरमारी बळावर १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. हात आपल्या माणसांचे, हुकूम दुसऱ्यांचा. ही गोष्ट लपवायचीही नाही आणि त्यामुळे त्या हातांचं कसब नाकारायचंही नाही. चांगलं संग्रहालय दोन्ही सांगतं. आज मुंबईतला नौदलाचा तळ 'आंग्रे' नावाने ओळखला जातो आणि २०२२ पासून नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. हे पाहून माझा ऊर भरून येतो. त्या अष्टकोनामागचा सगळा इतिहास मुलांना हाताने स्पर्श करून शिकता यावा, इतकंच मागणं आहे.

हार्टलपूलला मी गेले ती भाचीकडे इंग्लंडला गेले असताना. नौका काळीपांढरी, नाळेवर फेटा बांधलेल्या माणसाचा लाकडी पुतळा. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं, कारण तुळया डोक्याशी येतात. एका तुळईवर मी हात ठेवला. दोनशे वर्षांनंतरही सागाचा तो गुळगुळीत, किंचित तेलकट स्पर्श तसाच होता. तुळई आणि बाजूचं लाकूड जिथे मिळतात तिथला सांधा इतका घट्ट होता की नखाचं टोक आत जाईना. वडील असते तर त्यांनी तिथे मांडी ठोकली असती. वाकस (लाकूड तासायचं हत्यार) कुठल्या बाजूने चालवला असेल, हे ते मला दाखवत बसले असते. मुंबईत बांधलेली, १८१९ ला पोर्ट्समथला पोचलेली, पुढे नाव बदलून १९८६ पर्यंत तिथल्या बंदरात मुलांचं प्रशिक्षण जहाज म्हणून वापरलेली, आणि मग हार्टलपूलला नेऊन दहाएक वर्षं दुरुस्त केलेली ही नौका. त्या छोट्या गावाने तिच्यावर पैसा आणि श्रम खर्चले. मला त्यांचा हेवा वाटला नाही, कृतज्ञता वाटली. पण परतताना मनात एकच विचार होता, की आपल्या मुलांनी हे आपल्या शहरात कधी पाहायचं?

आता तक्रारी. मोठी तक्रार 'विक्रांत'ची.

१९६१ साली नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बाजारवर जिची विमानं झेपावली, ती आपली पहिली विमानवाहू नौका. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं. २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना लिलाव झाला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात तिला वाचवण्याची शेवटची धडपड संपली आणि त्याच वर्षी मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिचे तुकडे पडू लागले. तिच्या पोलादाचा अंश घालून पुढे मोटारसायकली निघाल्या. लायन गेटजवळ २०१६ पासून तिच्या धातूचं एक स्मारक आहे. ज्यांनी ते उभारलं त्यांची भावना खरी आहे. पण तिच्या उड्डाणपट्टीवर उभं राहिल्यावर विमानाला धावायला किती थोडी जागा होती हे जे एका क्षणात कळायचं, ते चौकातल्या स्मारकातून कळत नाही.

वडिलांना मी तिच्यावर नेलं होतं. त्यांनी विमानांकडे फार पाहिलं नाही. कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवत ते म्हणाले, "खाऱ्या पाण्यात लोखंड उभं ठेवायचं तर त्याच्यावर रोज हात फिरला पाहिजे." हे गोदीतल्या प्रत्येक कामगाराला माहीत असतं. जहाजाचं संग्रहालय करणं म्हणजे एकदा उद्घाटन करणं नव्हे. रंग, गंज, तळाची तपासणी, काही वर्षांनी पुन्हा सुक्या गोदीत नेणं, यासाठी कायमचा निधी लागतो. ती तरतूद ठरवल्याशिवाय जहाज ठेवायचा निर्णय अर्धाच असतो.

दुसरी तक्रार 'विराट' या विमानवाहू नौकेची, आणि ती अधिक दुखते, कारण 'विक्रांत' जाऊन फार काळ लोटला नव्हता. तीस वर्षांच्या सेवेनंतर मार्च २०१७ मध्ये 'विराट' निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ८५२ कोटींचा, खासगी भागीदारीतून. कोकणातल्या आमच्या नातेवाइकांनी त्या दिवशी फोन करून आनंद सांगितला होता. ते संग्रहालय झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट' मुंबईहून अलंगच्या भंगारबंदराकडे ओढत नेली गेली. आता त्याच निवतीजवळ निवृत्त युद्धनौका 'गुलदार' समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं राज्याने ठरवलं आहे. ते यशस्वी व्हावं, कोकणातल्या मुलांना रोजगार मिळावा. पण सत्तर वर्षांचा निवृत्त खलाशी नातवाचा हात धरून पाण्याखाली उतरणार नाही. त्याच्यासाठी जमिनीवर काय आहे?

हे आपल्या देशात जमत नाही, असं म्हणायला जागा नाही. विशाखापट्टणमने 'कुरसुरा' ही पाणबुडी निवृत्त झाल्यावर २००२ मध्ये किनाऱ्यावर ओढून घेतली आणि ती आजही गर्दीने पाहिली जाते. कारवारला 'चपल' ही क्षेपणास्त्र नौका समुद्रकिनारी उभी आहे. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे पाहायला मिळतात, म्हणजे 'विक्रांत'वरून ज्या जातीची विमानं उडाली ती. लोथलला राष्ट्रीय समुद्री वारसा संकुल उभं राहतं आहे. पश्चिम नौदल कमांडचं मुख्यालय असलेल्या शहरात मात्र या तोडीचं काही नाही.

तिसरी तक्रार माणसांची. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण तळातल्या खलाशांनी बंड केलं, नौदलाच्या कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला आणि गिरणगाव त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. परळला गोळी लागून कमल दोंदे गेल्या. मी त्याच भागात शिकवते. कुलाब्यात त्या उठावाचं शिल्प आहे, ठीक. पण ज्या भिंतींच्या आत हे घडलं तिथे उभं राहून ते ऐकण्याची सोय नाही. आणि वाडियांची नावं तरी नोंदलेली आहेत. तुळया तासणारे, फटींत दोर आणि राळ ठोकणारे, शिडं शिवणारे, पुढच्या काळात तळाला लोंबकळून रंग खरवडणारे, यांची नावं कुठे आहेत? हजेरीपटांत असतील, पगारपत्रकांत असतील. ती कागदपत्रं वाळवीने खाण्याआधी कुणीतरी उघडली पाहिजेत. माझ्या वडिलांच्या बरोबरीची माणसं आता थोडीच उरली आहेत.

विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीवर मराठ्यांच्या आरमाराची कातळात कोरलेली गोदी आहे, हेही याच पत्रात नोंदवते. मुंबईला वाडियांचं काम चालू होतं त्याच शतकातली ती आपली स्वतःची गोदी. गाळाने भरत गेलेल्या त्या जागेकडे पर्यटक किल्ला पाहून झाल्यावर वळतसुद्धा नाहीत.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

महिन्यातून एक ठरलेला दिवस बॉम्बे डॉक आणि डंकन डॉक यांचा जुना भाग लोकांना दाखवावा. नावं आधी नोंदवून घ्या, ओळखपत्रं तपासा, मोबाइल दारात जमा करा, सोबत नौदलाचा माणूस द्या, चालत्या जहाजांकडे कुणाची नजरही जाणार नाही असा मार्ग आखा. जे नियम घालाल ते आम्ही पाळू. शाळांना, आणि त्यातही सरकारी व महापालिकेच्या शाळांना, पहिला मान द्यावा. माहिती मराठीत सांगावी.

सुरक्षा-कुंपणाच्या बाहेर, पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या गोदामांपैकी एखादं, मुंबईच्या समुद्री संग्रहालयासाठी राखून ठेवावं. त्या जमिनींच्या विकासाचे आराखडे होत असतात. इमारती उठल्यावर जागा सापडणार नाही. तिथे जहाजांच्या प्रतिकृती हव्यातच, पण सुताराचा वाकस, पटाशी आणि रंधाही हवा, कोळ्यांची होडी हवी, आंग्र्यांचं आणि धुळपांचं आरमार हवं, १९४६ हवं. निवृत्त गोदी कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम मात्र इमारतीची वाट न पाहता लगेच सुरू करावं. आमची शाळा आणि माजी विद्यार्थी त्यासाठी विनामूल्य काम करायला तयार आहेत.

यापुढे कोणतीही महत्त्वाची युद्धनौका निवृत्त होणार असेल, तर तिचं काय करायचं हे निवृत्तीच्या किमान दोन वर्षं आधी जाहीर करावं. ठेवायची असेल तर देखभालीचा निधी आधी बांधून ठेवावा. ठेवायची नसेल तर तसं सांगावं, म्हणजे तिचा निदान एखादा भाग, नौका जिथून चालवतात तो कक्ष किंवा इंजिनखोली, वेळेत वाचवता येईल. 'विराट'च्या बाबतीत मंत्रिमंडळाची मंजुरी आणि भंगारबंदर यांच्यामध्ये दोन वर्षंही गेली नाहीत, हे पुन्हा घडू नये.

गिर्ये येथील गोदीचं मोजमाप करून, गाळ काढून, तिला संरक्षण द्यावं आणि तिथे मराठी फलक लावावा. स्थानिक ग्रामस्थांना त्या कामात घ्यावं.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं. 'नाही' असेल तरी चालेल, पण का नाही ते लिहावं, कुठला विभाग निर्णय घेईल ते लिहावं, म्हणजे पुढचा अर्ज योग्य टेबलावर जाईल. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि सहलींचं वेळापत्रक दिवाळीआधी ठरतं. यंदाच्या नववीतल्या मुलांना १२ ऑक्टोबरच्या आसपास गोदी दाखवता आली, तर आमचं पहिलं मागणं पूर्ण झालं असं आम्ही समजू.

आपली विश्वासू,
गोदीतल्या सुताराची मुलगी आणि इतिहासाची शिक्षिका,
परळ, मुंबई